मध्येच अडखळणारा ट्रक

आवडी, चेन्नई
१४ सप्टेंबर २०२५

मंदार,

आशीर्वाद आधी आणि तक्रार मागाहून, म्हणजे तू पत्र शेवटपर्यंत वाचशील. फोनवर तू नुसतं "हो हो, बघतो" म्हणतोस आणि मागून कुणीतरी तुला हाक मारत असतं. पत्राला उत्तर द्यायला बसावं लागतं, म्हणून लिहितेय.

दिवसभर कॉम्प्युटरवर खेळ चालवून बघायचा तुला पगार मिळतो, हे तुझ्या बाबाला अजून खरं वाटत नाही. मला वाटतं. म्हणूनच तुला विचारतेय. माझा ट्रक अडखळतो.

शनिवारी दुपारी चारला मी आणि विद्युलता कॉम्प्युटरवरच्या खेळात ट्रक चालवायला बसतो, ते तुला ठाऊक आहे. ती नागपूरला मुलाकडे गेली त्याला अकरा वर्षं झाली. फॅक्टरीच्या होस्टेलात एका खोलीत सात वर्षं काढलेल्या आम्ही, पण फोनवर बोलायला लागलो की दहा मिनिटांत "आणखी काय?" वर येतो. ट्रक चालवताना तसं होत नाही. कानाला हेडफोन, समोर रस्ता, ती पुढे नि मी मागे. अडीच तास कुठे जातात कळत नाही. मागच्या महिन्यात तिने सुनेबद्दल जे सांगितलं ते समोरासमोर कधीच सांगितलं नसतं.

तर गेल्या दोनेक महिन्यांपासून गाडी चालता चालता मध्येच थबकते. मी ब्रेकला हात लावत नाही तरी. वळणावर उशिरा वळते. परवा पुलाच्या कठड्याला घासली. विद्युलता पुढे जाऊन टोलनाक्यावर थांबते आणि म्हणते, चहा उतू जात होता म्हणून थांबले. पण मागे पडतेय ती मीच, हे मला दिसतं.

खालच्या मजल्यावरची नित्या म्हणते, तुमच्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही शशीअक्का, आतलंच आहे, म्हणून असं. तिने कुठेतरी वाचलंय की जानेवारीत नवे प्रोसेसर येणार आहेत आणि त्यांच्यातलं आतलं ग्राफिक्सच कार्डाच्या तोडीचं असेल. हे खरं का? खरं असेल तर थांबू, नाहीतर आत्ताच कार्ड घेऊ?

पस्तीस वर्षं तपासणी विभागात काढली. माझी सही असल्याशिवाय एकही भाग पुढे जात नसे. आणि आता घरातल्या मशीनचा दोष सापडत नाही म्हणजे कमालच.

शशिकला आत्या


बेंगळुरू
२२ सप्टेंबर २०२५

आत्या,

पत्र शेवटपर्यंत वाचलं, दोनदा. दुसऱ्यांदा भिंग घेऊन. तुझं अक्षर इतकं बारीक कधीपासून झालं? अख्खं पत्र दीड पानात बसवलंयस. कागद महाग झाला का आवडीत?

आता तुझ्या ट्रकचं. नित्या अर्धं बरोबर सांगतेय. तुझ्या मशीनमध्ये चित्र काढणारा भाग प्रोसेसरच्या पोटातच आहे. त्याला स्वतःची मेमरी नसते, तो प्रोसेसरचीच वापरतो. एकाच ओट्यावर दोघींनी स्वयंपाक करावा तसं. त्यातून तुझ्या मशीनमध्ये मेमरीची एकच पट्टी आहे, म्हणजे ओटाही अरुंद. दुसरी पट्टी लावली की आतल्या ग्राफिक्सला फार फरक पडतो. इथे मी रोज तेच मोजतो.

चित्रपट्टीसारखं असतं हे. सेकंदाला साठ चित्रं मिळाली तर गाडी लोण्यासारखी चालते, तिसाच्या खाली गेली की अडखळते. तुझी तीस-पस्तीसच्या घरात असणार.

नव्या प्रोसेसरबद्दल मात्र तोंडाला कुलूप आहे. ते आमच्याच टेबलावर आहेत. आमच्या गटाचं काम एवढंच की बारा खेळ जुन्या आतल्या ग्राफिक्सवर चालवायचे, तेच बारा नव्यावर चालवायचे, आणि आकडे शेजारी शेजारी मांडायचे. जानेवारीत ते बाजारात येईपर्यंत एकही आकडा बाहेर सांगायचा नाही असं लिहून दिलंय मी. तुलासुद्धा नाही. तू तपासणीत होतीस, तुला कळेल.

म्हणून आत्ता काहीच विकत घेऊ नकोस. मेमरीची पट्टी सोबत पाठवतोय. बसवायची कशी ते मी तुला शिकवायला नको. मी अकरावीत तुझ्याकडे राहायला आलो तेव्हा कॉम्प्युटर उघडायला तूच मला शिकवलं होतंस. मी स्क्रू हरवायचो आणि तू ताटलीत मांडून ठेवायचीस.

दिवाळीला येतोच. तेव्हा बघू.

मंदार


आवडी
१२ ऑक्टोबर २०२५

मंदार,

पट्टी पोचली आणि बसली. नित्याने बसवली, मी शेजारी बसून सांगत होते. तिलाही शिकायला हवं ना काहीतरी. बँकेत दिवसभर शिक्के मारून तिचा जीव विटतो.

तू सांगितल्याप्रमाणे आधी आणि नंतर मोजलं. तोच रस्ता, तोच ट्रक, तीच दुपार. आधी चौतीस, नंतर बावन्न. डोंगर एकदम स्वच्छ दिसायला लागले, झाडांची पानंसुद्धा हलतात. मला पूर्वी वाटायचं त्या झाडांना पानंच नाहीत.

पण मंदार, गाडी थबकते ती थबकतेच. पूर्वी अस्पष्ट थबकायची, आता स्पष्ट थबकते. काल विद्युलता तीन ठिकाणी थांबली. एकदा चहा, एकदा दारावरची बेल, एकदा चष्मा सापडेना. मी म्हटलं, तुझ्या घरी आज फारच गडबड आहे. ती हसली.

नवरात्रात नित्याकडे बाहुल्यांचा कोलू मांडला होता. मी एकदाच जाऊन आले. यंदा फार दगदग केली नाही.

माझ्या अक्षराचं म्हणशील तर जास्त पानं झाली की पाकिटाचं वजन वाढतं. तू तुझे डोळे तपासून घे.

दिवाळीला कधी येतोस ते कळव. बेसन आणून ठेवलंय. लाडू मात्र यंदा नित्याच्या आईकडून वळून घेणार आहे, त्या फार छान वळतात.

आत्या


बेंगळुरू
२५ ऑक्टोबर २०२५

आत्या,

दिवाळीला आलो नाही याबद्दल फोनवर तू एक शब्दही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं वाटलं असतं. शनिवारी संध्याकाळी बॅग भरून झाली होती. नव्या प्रोसेसरवर एक खेळ मध्येच बंद पडायला लागला आणि आमच्या गटाचा प्रमुख कुशल म्हणाला की हे निस्तरल्याशिवाय कुणी हलायचं नाही. लाडू कुरिअरने मिळाले. छान होते. तुझ्या हातचे नव्हते हे पहिल्याच घासाला कळलं.

बावन्न हा आतल्या ग्राफिक्ससाठी उत्तम आकडा आहे. सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली घे, साठ होतील. तरीही ब्रेक आपोआप लागत असेल तर मला वाटतं तुझ्या की-बोर्डची बटणं चिकटताहेत. तो आठ वर्षांचा आहे. नवा पाठवतोय, बटणं अगदी हलकी आहेत, नुसतं बोट टेकलं तरी दाबली जातात. तुला त्रास होणार नाही.

पोंगलला नक्की.

मंदार


ईमेल
१६ नोव्हेंबर २०२५

मंदार,

आजपासून तुला ईमेलच करत जाईन म्हणते. पेनची शाई वाळून जाते, पोस्टापर्यंत जायचं म्हणजे रेल्वेफाटक ओलांडावं लागतं आणि पावसाने रस्ता उखडलाय. तू नवीन की-बोर्ड दिलास तर तो वापरायला नको का? कुठे अक्षर दोनदा उमटलं असेल तर सांभाळून घे.

सावल्या कमी केल्या. साठ आले. की-बोर्ड सुंदर आहे. पण ट्रकचं काही खरं नाही. उलट आता जास्तच. काल घाटात मी इतक्या वेळा थबकले की मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. मी विद्युलताला म्हटलं, आजच्यापुरतं पुरे, मला बाजारात जायचंय. बाजारात जायचं नव्हतं.

ती म्हणाली, आठवतं का, महिन्यातून एकदा बस बदलत बदलत चेन्नईबाहेरच्या कोवलमला जायचो, होड्या लागल्या की मासळी घ्यायला? आणि येताना सगळ्या बसला वास यायचा. मी म्हटलं आठवतं. नंतर हेडफोन काढून ठेवले.

ते जानेवारीतलं नवीन येईल तेव्हा हे सगळं ठीक होईल ना? आकडा सांगू नकोस. नुसतं हो किंवा नाही सांग.

आत्या


ईमेल
१९ नोव्हेंबर २०२५

आत्या,

हो किंवा नाही सांगण्याआधी मला एकदा तुझं मशीन नीट तपासू दे. सरासरी साठ असली तरी अधूनमधून एखादं चित्र फार उशिरा येत असेल तर गाडी अडखळल्यासारखी वाटते. सरासरीत ते लपून जातं. आमच्याकडे अशा वेळी प्रत्येक चित्राची वेळ वेगळी नोंदवतात.

सोबत एक छोटा प्रोग्रॅम जोडतोय. शनिवारी खेळायला बसण्याआधी सुरू कर आणि नेहमीसारखी तासभर गाडी चालव. प्रत्येक चित्र किती वेळात आलं आणि तू कुठलं बटण कधी दाबलंस, दोन्हीची नोंद होईल. ती फाइल मला पाठव. दोष कुठेही असला तरी त्यात सापडेल.

मंदार


ईमेल
२३ नोव्हेंबर २०२५

मंदार,

फाइल जोडली आहे.

आत्या


बेंगळुरू
३ डिसेंबर २०२५

आत्या,

हे हाताने लिहितोय, आधीच्या पत्रांसारखं छापून नाही. फोन करायला दोनदा नंबर काढला आणि दोनदा ठेवून दिला. तू फोनवर विषय बदलशील आणि मी तो बदलू देईन, याची मला खात्री आहे.

फाइल मी त्याच दिवशी उघडली. तुझं मशीन निर्दोष आहे. तासाभरातल्या दोन लाख चित्रांत उशिरा आलेली चित्रं हाताच्या बोटांवर मोजता येतील. इथल्या नव्या मशीनवरसुद्धा इतकी सरळ रेषा मी क्वचित पाहिलीय.

मग मी बटणांची नोंद पाहिली. डाव्या हाताच्या बटणांत काहीच वावगं नाही. उजव्या हाताखालच्या ब्रेकच्या बटणावर मात्र तासात अकराशे वेळा दाब पडलाय. सलग नाही, हात नुसता ठेवलेला असतो तेव्हाच, आणि दर वेळी एकाच लयीत. सेकंदाला पाच. आधी मला वाटलं बटणच खराब निघालं. मी इथे तसलाच की-बोर्ड आणून दोन दिवस त्यावर प्रयोग केले. खराब बटण कधी असं लयीत वाजत नाही. आणि ज्या वेळी तू मुद्दाम वळण घेतलंस, तेव्हा बटण दाबून सोडायला डाव्या हातापेक्षा उजव्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागलाय.

परवा मी तुझी जुनी पत्रं काढली. ती सगळी एका डब्यात आहेत. दोन हजार बावीस, तेवीस, चोवीस, यंदाचं. जमिनीवर ओळीने मांडली. अक्षर हळूहळू लहान होत गेलंय. एकाच पत्रातसुद्धा पहिली ओळ मोठी आणि शेवटची मुंगीसारखी. आणि मी तुला कागद महाग झाला का म्हणून विचारलं होतं.

मी डॉक्टर नाही. पण मी बरंच वाचलंय आणि इथल्या एका डॉक्टरांना नाव न सांगता विचारलंय. तुलाही बहुधा माहीत आहे मी काय म्हणतोय ते. पट्टी तू स्वतः बसवली नाहीस. लाडू वळले नाहीस. अकरावीपासून तुला ओळखतो मी, तरी हे मला एका फाइलमध्ये वाचावं लागलं. मी तुला पट्टी पाठवली, की-बोर्ड पाठवला, आणि तो हलका की-बोर्ड पाठवून त्रास वाढवला. एवढ्या वेळात एकदा येऊन समोर बसलो असतो तर पाच मिनिटांत दिसलं असतं.

१२ तारखेच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय. कुशलला सांगितलं. तो म्हणाला, आत्ता? मी म्हटलं, आत्ताच. तू नको म्हणू नकोस.

मंदार


आवडी
९ डिसेंबर २०२५

मंदार,

पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं तेव्हाच कळलं. तू हाताने फक्त मोठ्या गोष्टी लिहितोस. बारावीचा निकाल लागला तेव्हा लिहिलं होतंस.

हे मी हातानेच लिहितेय, बारीक तर बारीक. आता लपवायचं काय राहिलं?

कोलूच्या दिवशी नित्याला कुंकू लावायला गेले आणि बोट तिच्या भुवईपर्यंत घसरलं. ती हसली, पुसलं, परत लावा म्हणाली. मी म्हटलं, तूच लावून घे, मला घाई आहे. खोटं होतं ते. त्याच्याही आधी उन्हाळ्यात पेपर वाचताना पान थरथरायचं. मी पंखा बंद केला. तरी थरथरलं. पंखा परत लावला आणि त्याचंच आहे असं ठरवून टाकलं.

तुला वाटेल आत्याने आपल्याला फसवलं. अगदी तसं नाही. तुला पहिलं पत्र लिहिताना माझ्या मनात खरंच होतं की मशीनमध्ये दोष असावा. तू हुशार आहेस, तू काहीतरी शोधशील, पट्टी किंवा कार्ड किंवा सेटिंग, आणि ते बदललं की सगळं बसेल. प्रत्येक वेळी तू नवीन उपाय सांगायचास आणि मला आठ-पंधरा दिवस निवांत झोप लागायची. पट्टी आली तेव्हा तर मी पेढे वाटायच्या बेतात होते. फाइल पाठवताना मात्र माहीत होतं. शनिवारी खेळून झाल्यावर ती दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याकडेच ठेवली होती. पुसून टाकता आली असती. पण पस्तीस वर्षांत मी एकही मोजमाप पुसलं नाही. एखादा भाग नापास करायचा तर तीनदा मोजायची. हा हात मी एकदाही मोजला नाही, तो तू मोजलास. बरं झालं.

भीती कशाची ते सांगते. हात थरथरण्याची तेवढी नाही. एक म्हणजे तू येशील, घर आवरशील, भांडी खोक्यात भरशील आणि मला बेंगळुरूला नेशील. तिथे मी दिवसभर तुझी वाट बघत बसेन आणि तू "आलो आलो" म्हणशील. मला इथून उचलू नकोस, मंदार. इथे भाजीवाल्याला माझ्या तमिळमधल्या चुका पाठ आहेत. दुसरं म्हणजे विद्युलता. तिला कळलं की ती माझ्याशी जपून बोलायला लागेल. आजारी माणसाशी बोलतात तसं. मग तो शनिवार शनिवार राहणार नाही.

ये. तुझी गादी उन्हात टाकलीय.

आत्या


बेंगळुरू
११ जानेवारी २०२६

आत्या,

परत येऊन तीन आठवडे झाले आणि पत्राला आज वेळ मिळाला. परवा नवे प्रोसेसर बाजारात आले, त्यामुळे तोंडावरचं कुलूप निघालं.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर, सप्टेंबरपासून राहिलंय. तुझाच ट्रकचा खेळ, तोच घाट, सावल्या पूर्ण ठेवून: तुझ्या मशीनवर दोन पट्ट्या असताना बावन्न, नव्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर शहाण्णव. स्वस्तातल्या वेगळ्या कार्डाच्या अगदी जवळ. नित्याने बरोबर वाचलं होतं. पण तुझा पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवतो, आणि सावल्या कमी केल्यावर साठ तुला आत्ताच मिळताहेत. घेऊ नकोस. माझ्या कंपनीतल्या कुणाला मी असं म्हटल्याचं सांगू नकोस.

एग्मोरच्या दवाखान्यातली ती सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. डॉक्टर राममूर्तींनी तुला अंगठा आणि बोट एकमेकांवर टेकवायला सांगितलं, चालून दाखवायला सांगितलं, कागदावर गोल गोल वळण काढायला सांगितलं. तू ते वळण किती सावकाश काढत होतीस. नंतर त्यांनी विचारलं, कधीपासून? आणि तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, याच्याकडे आलेख आहे. त्यांनी तो आलेख इतका वेळ पाहिला की बाहेरचे पेशंट दार ढकलायला लागले. त्यांनी पार्किन्सन्सचं नाव घेतलं तेव्हा तू मान हलवलीस, जणू एखाद्या भागाचा नंबर वाचून दाखवला. रडलो मी, तेही खाली औषधांच्या रांगेत. तू मला तिथे पाहिलंस आणि रुमाल दिलास.

तुझी कालची फाइल पाहिली. सकाळच्या गोळीनंतर एका तासाने तासाभरात उजव्या हाताचे दीडशे दाब. गोळीच्या आधी नऊशे. डॉक्टरांना दोन्ही दाखव, गोळीच्या वेळा ठरवायला उपयोग होईल असं ते म्हणाले होते. आणि ब्रेक मी डाव्या हाताच्या बटणावर नेऊन ठेवलाय, तो तिथेच राहू दे. इतकं सोपं होतं ते. मी दोन महिने मेमरी मोजत बसलो.

तुला उचलणार नाही. तसं कबूल केलंय आणि पुन्हा लिहून देतो. उलट मी कुशलशी बोललोय. आमची एक छोटी प्रयोगशाळा चेन्नईत आहे. एप्रिलपासून महिन्यातले दोन आठवडे मला तिथून काम करता येईल. तुझ्याकडे राहीन. घरभाडं म्हणून भांडी घासेन.

एकच सांगतो. विद्युलतामावशीला सांग. तू सांगितलं नाहीस तर तिला वाटत राहील की तुलाच आता तिच्याशी बोलायचा कंटाळा आलाय.

मंदार


आवडी
१ फेब्रुवारी २०२६

मंदार,

सांगितलं. गेल्या महिन्याच्या सतरा तारखेला, शनिवारी, गाडी चालवता चालवताच. समोरासमोर जमलं नसतं. लांबलचक सरळ रस्ता होता, दोन्ही बाजूंना शेतं. मी म्हटलं, विद्युलता, मला पार्किन्सन्स झालाय, उजवा हात थरथरतो, म्हणून मी मागे पडायची.  तिचा ट्रक रस्त्याच्या कडेला जाऊन थांबला. मीही थांबले. मग हेडफोनमधून तिच्या नाक ओढण्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "मला वाटलं तुझे डोळे गेले. मी ऑगस्टपासून मुद्दाम थांबत होते. आमच्याकडे चहा कधी उतू जात नाही, सूनबाई इंडक्शनवर करते."

बघ, मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून.

नंतर तिने काय केलं ते तुला फोनवर सांगितलं नाही, कारण मलाच खरं वाटत नव्हतं. तिकीट काढून ती परवा आली. मुलगा म्हणत होता विमानाने जा, पण हिला आपली गाडीच हवी. अकरा वर्षांनी. मी एकटी सेंट्रलला गेले तिला घ्यायला. नित्या येते म्हणाली, मी नको म्हटलं. सकाळची गोळी वेळेवर घेतली होती, तरी गर्दीत उभं राहिलं की हात जोर करतो. मी तो पदराखाली घेतला आणि डबे मोजत उभी राहिले. ती उतरली तर आधी ओळखलंच नाही. केस पूर्ण पांढरे, गुडघे वाकलेले, आणि दोन बॅगा. तिने नेहमीसारखी जड बॅग माझ्याकडे दिली आणि हलकी स्वतः घेतली. होस्टेलातही हेच करायची.

आवडीच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली. पेरांबूर गेल्यावर ती म्हणाली, "दाखव."

मी हात पदराखालून काढून मांडीवर ठेवला. तो त्याच्या चालीने हलत होता. समोर बसलेली बाई बघत होती, मी बघू दिलं. विद्युलताने चष्मा लावला, वाकून नीट पाहिलं, एखादी साडी पाहावी तसं. मग चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "एवढंच होय? मी काय काय मनात आणलं होतं." आणि तिथपासून आवडी येईपर्यंत ती सुनेबद्दल बोलत राहिली. मध्ये एकदा मला हसू आवरेना. तीही हसायला लागली. समोरच्या बाईला मराठी कळत नव्हतं, तरी तीही हसली. माझा हात मांडीवर हलत होता आणि खरं सांगते, तीन-चार स्टेशनं मला त्याची आठवणसुद्धा नव्हती.

ती आत्ता आत मासळी धुतेय. आज पहाटे दोघी कोवलमला जाऊन आलो. दोनदा बस बदलली आणि एकदा चुकीच्या बसमध्ये चढलो. घराला वास येतोय. नित्याने खिडक्या लावून घेतल्यात. विद्युलता पंधरा दिवस राहणार आहे. तू पुढच्या शनिवारी ये. ट्रक बंद ठेवू, तिघं गच्चीवर बसू.

तुझी
आत्या